तिरंग्यावरचे धम्मचक्र आणि ध्वजाची दोरी

दरवर्षी १६ ऑगस्ट आणि २७ जानेवारीच्या सकाळी एक दृश्य हमखास दिसते. आदल्या दिवशी गाड्यांवर फडकलेले कागदी आणि प्लॅस्टिकचे तिरंगे गटाराच्या कडेला पडलेले असतात. २०२२ पासून ‘घरोघरी तिरंगा’ मोहीम सुरू झाली आणि ध्वज गल्लीगल्लीत पोहोचला. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण ध्वज घरी आणणे सोपे, त्याची जबाबदारी घेणे कठीण. बौद्ध म्हणून आम्ही या प्रश्नाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो, कारण त्या ध्वजाच्या मधोमध सारनाथचे चक्र आहे.

इतिहास नेमका माहीत असावा. घटना समितीने जून १९४७ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली ध्वज समिती नेमली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी मांडलेला ठराव मंजूर झाला. निळे चक्र चरख्याचे प्रतीक असेल आणि त्याचा आकार सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील सिंहस्तंभशीर्षावरील चक्रासारखा असेल, असे त्या ठरावात म्हटले आहे. त्याच दिवशी डॉ. राधाकृष्णन यांनी या चक्राचा अर्थ धर्मचक्र, म्हणजे नीतिनियमाचे चक्र, असा सांगितला.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र दर ऑगस्टला वेगळाच इतिहास फिरतो. कोणी २४ आऱ्यांना २४ गुणांची नावे देतो, कोणी संपूर्ण ध्वज एकाच व्यक्तीच्या नावावर करतो. ठरावात आऱ्यांचा अर्थ दिलेला नाही. प्रतीत्यसमुत्पादाच्या १२ कड्या अनुलोम आणि प्रतिलोम क्रमाने २४ होतात, हे आपले वाचन आहे आणि ते सुंदर आहे. पण ते आपले वाचन म्हणूनच सांगावे. ज्या ठिकाणी तथागतांनी पहिला उपदेश दिला, तिथले चक्र राष्ट्रध्वजावर आले, एवढे सत्य पुरेसे मोठे आहे. त्याला भर घालण्याची गरज नाही.

आता जपणुकीचे. भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने ध्वज फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टरचा व यंत्रावर तयार केलेला ध्वज चालतो. जुलै २०२२ पासून घरावरचा ध्वज रात्रीही ठेवता येतो. तरीही काही गोष्टी आपल्या मंडळांनी आणि विहार समित्यांनी पाळल्याच पाहिजेत:

- तिरंग्यावर काहीही लिहू नये. ‘जय भीम’सुद्धा नाही, मंडळाचे नाव तर नाहीच.
- पंचशील ध्वज किंवा निळा ध्वज तिरंग्याच्या खांबावर लावू नये, त्याच्यापेक्षा उंचही नको. त्यासाठी वेगळा, कमी उंचीचा खांब ठेवावा.
- अनावरणापूर्वी पुतळा झाकायला तिरंगा वापरू नये. गाडीच्या बॉनेटवरही तो पसरू नये.
- फाटलेला, विटलेला ध्वज फडकवू नये. तो एकांतात, आदराने, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करावा.

ध्वजाचा अवमान हा १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण आपण शिक्षेच्या भीतीने नव्हे, शीलाच्या भावनेने हे पाळावे.

आणि इथेच खरा प्रश्न येतो. कापडाचा सन्मान राखला, पण ध्वजाची दोरी कोणाच्या हातात आहे? २०२० च्या स्वातंत्र्यदिनी तमिळनाडूतील तिरुवल्लूर जिल्ह्यातल्या आत्तुपाक्कम गावात निवडून आलेल्या दलित महिला पंचायत अध्यक्षांना ध्वज फडकवू दिला गेला नाही. गाजावाजा झाल्यावर काही दिवसांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत त्यांनी तो फडकवला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या राज्याच्या मुख्य सचिवांना जातीच्या कारणाने कोणत्याही पंचायत अध्यक्षाला ध्वजारोहणापासून रोखू नये, असे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागले. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीत असे पत्र काढावे लागणे, हा ध्वजाचा अवमान नाही तर काय?

संविधानाच्या कलम ५१-अ मधले पहिलेच कर्तव्य वाचा. त्यात आधी संविधानाचे पालन आहे, मग राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर. हा क्रम विसरून चालणार नाही. समता नाकारणाऱ्या हाताने केलेला सॅल्यूट पोकळ आहे.

म्हणून येत्या ध्वजारोहणाला तरुणांनी दोन कामे अंगावर घ्यावीत. कार्यक्रम संपल्यावर रस्त्यावरचा प्रत्येक तिरंगा उचलावा. आणि आपल्या गावात, शाळेत, ग्रामपंचायतीत ज्याचा मान आहे त्याच्याच हाती दोरी जाते का, हे पाहावे. जात नसेल तर तिथेच प्रश्न विचारावा, लेखी तक्रार करावी.

जय भीम! जय संविधान!