दगडाच्या बुडाला काय?

1981 सालची गोष्ट. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी नववीला भूगोल शिकवत होतो. फळ्यावर लिहिले होते, 'दख्खनचे पठार लाव्हारसापासून तयार झाले.' मुले उतरवून घेत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील विहिरी खणायचे, सुरुंग लावायचे. तो म्हणाला, "सर, ह्या काळ्या दगडाच्या बुडाला काय असतंय?"

मी म्हणालो, "ते परीक्षेला नाही. बस खाली."

खरे कारण वेगळे होते. मी मराठी माध्यमाचा बी. ए. आणि मला उत्तर येत नव्हते. येत नाही म्हणायला जीभ रेटली नाही, एवढेच.

हे आज आठवले ते नातवामुळे. तो पुण्याला सीबीएसईच्या शाळेत. 2024 साली दहावीत असताना सुट्टीला आला होता. उत्क्रांतीचा धडा झाला का, असे सहज विचारले, तर म्हणाला, "आजोबा, आम्हाला नाहीये तो." मला वाटले पोरगा टाळतोय. पण खरेच होते. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातून उत्क्रांती काढून टाकलेली. एप्रिल 2023 मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्रही काढले होते.

कोरोनानंतर मुलांवरचे ओझे कमी करायचे आणि बारावीच्या जीवशास्त्रात हा भाग आहेच, असे सांगितले गेले. ओझ्याचे म्हणणे मला पटते, दप्तरे मी उचलून पाहिलेली आहेत. पण अकरावीला कॉमर्स किंवा आर्ट्स घेणाऱ्या मुलाने काय करायचे? त्याची या विषयाशी शेवटची भेट दहावीतच. मीही आर्ट्सवालाच, म्हणून जरा जास्त लागते. आपल्या राज्य मंडळाच्या 2018 च्या पुस्तकात हाच धडा पहिला घातला, हे फार बरे केले. एक स्नेही म्हणतात, दशावतारात आहेच की सगळे, मत्स्य, कूर्म, वराह! ऐकायला गोड आहे. पण पुरावा कुठला, असे पोराने विचारले तर परत 'बस खाली' म्हणायची वेळ येणार. ते नको.

पुरावा तर आपल्या पायाखाली आहे. सूर्याभोवतीची धूळ आणि दगडधोंडे गोळा होत होत पृथ्वी बनली, त्याला सुमारे 454 कोटी वर्षे झाली. हा आकडा कुणाच्याच डोक्यात शिरत नाही, माझ्याही नाही. म्हणून मी मास्तरी हिशेब करतो. हे सगळे आयुष्य म्हणजे शाळेचे 220 दिवसांचे एक वर्ष धरा. जिवांच्या सर्वांत जुन्या खात्रीच्या खुणा 350 कोटी वर्षांच्या आसपासच्या, म्हणजे पन्नासाव्या दिवशीच्या. नंतर कितीतरी काळ सूक्ष्म जीवच. डोळ्यांना दिसतील असे प्राणी यायला शेवटचा महिना उजाडला. आपला काळा दगड तर शेवटच्या तीन-चार दिवसांतला, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. आणि माणूस? शेवटच्या दिवशी, शाळा सुटायला पाच मिनिटे असताना वर्गात शिरला!

हा दगड एका दमात आला नाही. जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, मध्ये बराच काळ गेला, पुन्हा वाहिला. विहिरीच्या कडेला दोन काळ्या थरांमध्ये कधीकधी जी तांबडी पट्टी दिसते, ती त्या मधल्या सुट्टीची. भुईकोटाचे चिरे याच दगडाचे आणि ज्या काळ्या रानात आपली ज्वारी पिकते ती मातीही हाच दगड झिजून झालेली.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र भूकंपाने दिले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आम्ही सगळे अंगणात धावलो होतो. किल्लारीकडच्या बातम्या दिवस वर आल्यावर कळू लागल्या. त्या दुःखावर आज लिहीत नाही. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीला खोल छिद्र घेतले. सुमारे 340 मीटरवर काळा दगड संपला. त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळ, आणि त्याखाली अडीचशे कोटी वर्षांचा जुना खडक. सोलापूरला दगडाची जाडी वेगळी असेल, पण लाव्हा येण्याआधी इथे उघडी जमीन होती, हे नक्की.

तिच्यावर काय होते, ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला सापडले. तिथे लाव्ह्याखालच्या गाळात डायनोसोरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा मिळते. 2005 साली शास्त्रज्ञांनी त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण ओळखले. डायनोसोरच्या काळात गवत होते, हे त्यातून उघड झाले. ज्वारी हेही गवतच. हुरडा खाताना मला हे आठवते आणि सूनबाई म्हणते, "बाबा, जेवताना नको!"

असो. मागच्या हिवाळ्यात तो मुलगा बाजारात भेटला. मुलगा कसला, त्याचेच केस पांढरे झालेत. बोअरच्या दोन गाड्या आहेत त्याच्या. मी त्याला तिथेच उभे करून त्रेचाळीस वर्षांचे उत्तर दिले. आधी दगड, मग गाळ, मग जुना खडक.

"मी विचारलं होतं व्हय असं? मला तर काय आठवत नाही, सर." तो हसला. मग बोटांवर काहीतरी मोजत म्हणाला, "म्हंजे अकराशे फुटांवर. त्या गाळात पाणी असंल का हो?"