ब्रुनो टाउट : भाडेकरूच्या भिंतीवरील रंग

१/ ब्रुनो टाउट (१८८०–१९३८) या जर्मन वास्तुरचनाकाराचे नाव वास्तुकलेच्या इतिहासात बहुधा एका काचेच्या मंडपापुरते येते. माझ्या मते त्याचे खरे कर्तृत्व बर्लिनमधील भाडेकरूंच्या घरांच्या रंगीत भिंतींवर आहे. त्यामागचा विचार आणि त्या विचाराची पुढे झालेली गत यांविषयी हा #थ्रेड.

२/ आधी तो मंडप. १९१४ साली कलोन येथे ‘डॉयचर वेर्कबुंड’ या कलावंत आणि उद्योजकांच्या संघटनेने प्रदर्शन भरवले. तेथे काच-उद्योगासाठी टाउटने रंगीत काचांच्या घुमटाची वास्तू उभारली. ऑगस्टमध्ये महायुद्ध भडकले, प्रदर्शन आटोपते घ्यावे लागले आणि पुढे मंडपही पाडला गेला.

३/ मागे राहिली ती मुख्यतः कृष्णधवल छायाचित्रे. केवळ रंगासाठी जन्मलेली वास्तू आज आपण करड्या छटांत पाहतो! १९२० च्या दशकातील आधुनिक वास्तुकला म्हणजे पांढऱ्या भिंती, हा समज रुजण्यातही अशा छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. साधन जे दाखवू शकत नाही, ते इतिहासातून हळूहळू गळून पडते.

४/ टाउटच्या रंगांचा अर्थ समजण्यासाठी जुने बर्लिन पाहावे लागते. तेथील भाड्याच्या इमारतींना लोक ‘मीट्सकासेर्ने’, म्हणजे भाड्याच्या बराकी म्हणत. १८५३ च्या नियमानुसार आतला चौक किमान ५.३४ मीटर लांब-रुंद असला की पुरे. आगीचा बंब वळवता यावा एवढाच त्यामागचा हिशेब होता.

५/ वेडिंग भागातील ‘मायर्स होफ’मध्ये असे सहा चौक एकामागे एक होते. ऐन गर्दीच्या काळात तेथे सुमारे २,००० माणसे राहत. अशा इमारतींच्या रस्त्याकडील दर्शनी भागावर गिलाव्याची नक्षी असे. मागील चौकांत अंधार आणि ओल. शोभा रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी होती. आत राहणाऱ्याच्या वाट्याला ती येत नसे.

६/ टाउटने हा हिशेब उलटा केला. १९१३ पासून बर्लिनच्या सीमेवर उभ्या राहिलेल्या फाल्केनबेर्ग या उद्याननगरीत त्याने साध्या, नक्षीविरहित घरांना निळा, लाल, पिवळा, हिरवा असे ठळक रंग दिले. लोकांनी वसाहतीचे नावच ‘रंगपेटी’ ठेवले.

७/ १९१९ मध्ये त्याने रंगीत बांधकामाचे जाहीर आवाहन प्रसिद्ध केले आणि अनेक वास्तुरचनाकारांनी त्यावर सह्या केल्या. त्यातील युक्तिवाद अगदी व्यवहारी आहे. युद्धाने देश कंगाल झाला आहे. कोरीव शोभेला पैसा नाही. पण रंग महाग नसतो. मग गरिबीच्या नावाखाली करडेपणा का सोसायचा?

८/ १९२१ ते १९२४ या काळात माग्देबुर्ग शहराचा वास्तुप्रमुख म्हणून त्याने हा विचार रस्त्यावर आणला. चलनवाढीमुळे नवे बांधकाम जवळजवळ अशक्य होते, म्हणून जुन्या घरांचे दर्शनी भाग रंगवून घेतले. पुष्कळांनी टर उडवली. तरी ‘रंगीत माग्देबुर्ग’ ही शहराची ओळख झाली.

९/ १९२४ मध्ये चित्र पालटले. चलनवाढीत जुन्या घरमालकांची गहाण-कर्जे जवळपास पुसली गेली होती. त्या लाभावर सरकारने घरकर बसवला आणि उत्पन्नाचा एक हिस्सा नव्या घरबांधणीकडे वळवला. त्याच वर्षी कामगार संघटनांच्या पुढाकाराने ‘गेहाग’ ही गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. टाउट तिचा प्रमुख वास्तुरचनाकार झाला.

१०/ त्यातून ब्रिट्झ येथील ‘हुफआयझेन’, म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची वसाहत घडली. एका जुन्या तळ्याभोवती सुमारे ३५० मीटर लांबीची इमारत वळते. १९२५ पासून तिच्या परिसरात जवळपास २,००० घरे झाली. घराला स्वतःचे स्वयंपाकघर, न्हाणीघर, उजेड आणि हवा. मधली हिरवळ सर्वांची.

११/ वसाहतीच्या एका कडेची लांबलचक इमारत गडद लाल आहे. समोरच दुसऱ्या संस्थेची उतरत्या छपरांची, पारंपरिक वळणाची वसाहत होती. लोकांनी लाल इमारतीला ‘लाल आघाडी’ म्हणायला सुरुवात केली. भिंतीच्या रंगातही राजकारण वाचले जाईल, असा तो काळ होता.

१२/ त्सेलेनडोर्फमधील त्याच्या वसाहतीला ‘पोपटांची वसाहत’ असे नाव पडले. तेथील रंगयोजना मात्र लहरीखातर केलेली नाही. सकाळचे ऊन झेलणाऱ्या पूर्वेकडील भिंतींना शीतल हिरवी छटा, तर पश्चिमेकडील भिंतींना उबदार तांबूस तपकिरी. सूर्याची दिशा, रस्त्याची रुंदी, झाडांचे अंतर यांचा विचार करून रंग ठरवला जाई.

१३/ माझ्या मते टाउटचे मोठेपण येथेच आहे. घरे स्वस्त व्हायची तर एकच आराखडा शेकडो वेळा गिरवावा लागतो, आणि त्यातून नवी बराक उभी राहण्याचा धोका असतो. टाउटने आराखडा समान ठेवला आणि भिंत, दार, खिडकीची चौकट यांच्या रंगांतून प्रत्येक ओळीला वेगळा चेहरा दिला. खर्च किंचित, फरक मात्र डोळ्यांत भरणारा.

१४/ एक आक्षेप मान्य करायलाच हवा. या घरांचे भाडे सर्वांत गरीब कामगारांना परवडणारे नव्हते. तेथे मुख्यतः कुशल कामगार, कारकून, कर्मचारी राहायला आले. मायर्स होफच्या शेवटच्या चौकातील कुटुंबापर्यंत ती योजना क्वचितच पोहोचली. हा दोष भाडे आणि अर्थपुरवठ्याच्या गणितातला होता. रंग पुसून टाकल्याने भाडे उतरले नसते.

१५/ १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. टाउटवर ‘सांस्कृतिक बोल्शेविक’ असा शिक्का होता. त्याने देश सोडला आणि त्याचे प्राध्यापकपद गेले. मे महिन्यात तो जपानला पोहोचला. तेथे त्याने क्योतोच्या कात्सुरा राजवाड्यावर लिहिले, ताकासाकी येथे हस्तकलेच्या वस्तू घडवल्या. पण हजारो घरे बांधणाऱ्या या माणसाला बांधकाम जवळजवळ मिळालेच नाही.

१६/ १९३६ मध्ये तुर्कस्तानने त्याला इस्तंबूलच्या ललितकला अकादमीत बोलावले. अंकारा विद्यापीठाच्या भाषा, इतिहास आणि भूगोल विद्याशाखेची इमारत ही त्याचीच रचना. नोव्हेंबर १९३८ मध्ये अतातुर्क वारले, तेव्हा अंत्यदर्शनाचा मंच त्याने आखला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला तोही गेला. त्याची कबर इस्तंबूलच्या एदिर्नेकापी हुतात्मा दफनभूमीत आहे.

१७/ इकडे बर्लिनमध्ये पुढील दशकांत डागडुजी होता होता अनेक भिंतींचे मूळ रंग नाहीसे झाले. नंतर विनफ्रीड ब्रेन्ने आणि हेल्गे पिट्झ यांसारख्या वास्तुरचनाकारांनी जुने थर तपासून ते परत आणले. २००८ मध्ये बर्लिनच्या सहा आधुनिक वसाहती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. त्यांपैकी चार टाउटच्या आहेत.

१८/ परंतु त्याआधीच, १९९८ मध्ये, ‘गेहाग’ खासगी हातांत गेली होती. नंतर नालेच्या वसाहतीतील ओळीतली घरेही एकेक करून विकली गेली. २०२१ मध्ये बर्लिनच्या सार्वमतात निम्म्याहून अधिक मतदारांनी मोठ्या गृहकंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीत घेण्याच्या बाजूने कौल दिला. टाउटच्या शहरात घरभाड्याचा प्रश्न आजही मिटलेला नाही.

१९/ म्हणून वारशाविषयीचे माझे मत थोडे कडू आहे. भिंतीचा रंग अचूक जुळवायचा आणि तो ज्यांच्यासाठी लावला होता त्यांना परवडेल असे घर मात्र विसरायचे, हे जतन अर्धवट आहे. टाउटच्या दृष्टीने रंग हा भाडेकरूच्या हक्काचा भाग होता. तो हक्क वगळला, तर उरते ती पर्यटकांसाठीची शोभा. रस्त्याकडील गिलाव्याच्या नक्षीसारखीच.

२०/ आपल्या आसपास स्वस्त घरांची योजना निघाली की सौंदर्याचा विषय काढणाऱ्याला ‘आधी छप्पर तर होऊ द्या’ असे ऐकवले जाते. शंभर वर्षांपूर्वी एका कंगाल देशात टाउटने छप्पर आणि रंग एकाच अंदाजपत्रकात बसवून दाखवले होते. तेव्हा ती सबब पुन्हा ऐकू आली, तर ब्रिट्झची लाल भिंत जरूर आठवावी. (समाप्त)