स्वयंसेवक पाहिजेत, पण कशासाठीं?

कॉलेजें उघडलीं कीं आमच्या शहराच्या भिंती बोलूं लागतात. 'तरुणांनो, सामील व्हा' असें सांगणारे फलक चौकाचौकांत झळकतात. वर पुढाऱ्यांच्या तसबिरी, खालीं देणगीदार दुकानदारांचीं नांवें, आणि मध्यें जागा उरलीच तर संस्थेचें नांव! अलीकडे तर मोबाइलवर बोट टेकलें कीं मनुष्य सभासद होतो. आठ दिवसांत शेंकडों नांवें जमतात, आणि नाला उपसावयाच्या दिवशीं फावडीं जास्त व माणसें कमी अशी स्थिति होते. मग तरुण पिढी आळशी झाली असा शेरा वडील मंडळी मारतात.

हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. कराराच्या अटी दडवून घेतलेली सही टिकत नाहीं, हें आम्ही वकिलींत रोज पाहतों. काम कोणतें, किती तासांचें, कोणाच्या देखरेखीखालीं, हें जाहिरातींत कोठेंच नसेल, तर ती वाचून नांव देणाऱ्या मुलानें पुढें पाठ फिरविली म्हणून वचनभंगाचा दोष त्याच्या माथीं कसा मारावा?

प्रसिद्धीच वाईट, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालीं इंग्लंडांत ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांची छावणी भरविली, आणि पुढल्या वर्षीं बालवीरांचें पुस्तक पाक्षिक भागांनीं विकावयास काढलें. त्यांत नुसतें आवाहन नव्हतें. माग कसा काढावा, चूल कशी पेटवावी, जखमेवर पट्टी कशी बांधावी, हें होतें. मुलांनीं तें वाचून आपण होऊन पथकें उभारलीं. १९०९ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्यास दहा हजारांवर बालवीर जमले. बोलावणें नसतां मुलीहि आल्या, आणि त्यांच्यासाठीं पुढल्याच वर्षीं निराळी संघटना काढावी लागली. काम समोर दिसलें कीं माणसें येतात, तीं अशीं!

आपल्याकडेहि राष्ट्र सेवा दलानें हेंच केलें. १९४१ च्या जूनमध्यें एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखालीं उभ्या राहिलेल्या ह्या दलाचीं कलापथकें गाणीं आणि लोकनाट्यें घेऊन गांवोगांव फिरलीं. वसंत बापट, पु. ल. देशपांडे यांच्यासारखे लोक त्यांत होते. फलकावरील तसबिरीपेक्षां रंगमंचावर गाणारा आपल्याच वयाचा मुलगा तरुणास अधिक ओढतो, यांत नवल तें काय?

कॉलेजांतील राष्ट्रीय सेवा योजनेची गोष्ट थोडी निराळी. ती २४ सप्टेंबर १९६९ रोजीं ३७ विद्यापीठांत सुमारें ४०,००० विद्यार्थ्यांनिशीं सुरू झाली. वर्षास १२० तास, दोन वर्षांत २४० तास सेवा, अशी तिची अट स्वच्छ आहे. परंतु नांवनोंदणी करतांना कित्येक ठिकाणीं प्रमाणपत्राचा आणि वाढीव गुणांचाच गाजावाजा होतो. तासांची गोष्ट मागाहून निघते. गुणांच्या लोभानें आलेला मुलगा तासांची हजेरी मोजणार, खणलेले खड्डे नव्हे!

व्यापारी बंधूंसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. फलकास आपण हजार रुपये देतां. पण दुकानांतील पोऱ्यास रविवारीं सकाळचे दोन तास सोडतां काय? शिबिरास निघालेल्या स्वतःच्या मुलास 'गिऱ्हाइकाची वेळ आहे' म्हणून गल्ल्यावर बसवितां, तें निराळेंच. मुलींच्या बाबतींत आईबापांची चिंता खरी असते. तेव्हां सोबत कोण असेल व परत कधीं पोंचवाल, हें छापील पत्रकांतच सांगितलें पाहिजे. आणि सारे फलक दोन-चार सुखवस्तु पेठांतच लावावयाचे, गिरणीच्या चाळींत व दलित वस्तींत एकहि नाहीं, ही कसली संघटना?

ह्या वर्षीं संस्थांनीं एवढें करून पाहावें. गेल्या वर्षीं किती आले, किती टिकले, किती गळाले आणि हातून काम काय झालें, हा हिशेब फलकावरच लिहावा. जी संस्था असा हिशेब आमच्याकडे धाडील, तिचा मजकूर आम्ही विनामूल्य छापूं. तसबिरी मात्र पाठवूं नयेत.