कौलांवरची छत्री

आमच्या इंदूरच्या जुन्या घरांतून दूरदर्शनचे नाव काढले की नाके मुरडली जातात. परदेशांतले सामने आणि उसन्या मालिका, याखेरीज तेथे असते काय, असा एकंदर सूर. त्यात मीही सूर मिसळीत असे. पण 29 जून 2024 च्या रात्री बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीस एका विद्यार्थ्याच्या घरी मुक्कामास होतो, तेव्हापासून माझे मत पालटले.

त्या रात्री बार्बाडोस बेटावर भारत व दक्षिण आफ्रिका यांच्यात वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. घरात मासिक वर्गणीची वाहिनी नाही. कौलांवर दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ची छत्री तेवढी. ती एकदा विकत घेतली की पुढे महिन्याचा पैसा लागत नाही. पडवीत शेजारपाजारची वीस-पंचवीस माणसे दाटीने बसलेली. सरीचा जोर वाढला की चित्र गोठे, आणि त्याबरोबर मंडळीही! सात धावांनी आपण जिंकलो तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला, परक्या माणसाला, कडकडून मिठी मारली.

हे चित्र त्या पडवीपर्यंत पोचले ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. प्रक्षेपणाचे हक्क खासगी वाहिनीने कितीही मोल देऊन घेतलेले असोत, राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरलेल्या सामन्यांचे थेट चित्र तिने प्रसार भारतीस दिलेच पाहिजे, असा 2007 चा कायदा आहे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने केबलवाल्यांना त्यातून वगळले. कौलांवरच्या छत्रीचा हक्क मात्र शाबूत राहिला.

उसन्या मालिकांचे म्हणाल तर 1993 साली दूरदर्शनने दाखवलेली मोगलीची मालिका जपान्यांनी चितारलेली होती. किपलिंगच्या कथेतले रान शिवनीचे आणि नदी वैनगंगा, म्हणजे बालाघाटच्या अगदी शेजारचा मुलूख. टोकियोमार्गे घरी आलेला हा पोर आम्ही तेव्हा हिंदीत ऐकला. गुलजारांच्या शब्दांना विशाल भारद्वाजांनी दिलेली त्याची चाल माझ्या वयाची माणसे आजही बिनचूक गुणगुणतात. मास्तर म्हणून मला त्या चालीचा थोडा हेवाच वाटतो.

माझे वडील होळकर दरबारच्या अखेरच्या कलावंतांपैकी. संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटले नव्हते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबारचे गाणे आमंत्रितांचे असे, हे ते अभिमानाने नव्हे, खंतीने सांगत. नागपूरच्या सी. के. नायडूंना होळकरांनी आपल्या फौजेत कप्तान केले, होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. क्रिकेट काय, गाणे काय, दोहोंना एकाच खजिन्याचा आधार. आज खेळाच्या पाठीशी कायदा उभा आहे. गाण्याच्या पाठीशी कोण?

खेळ काढून गाणे लावा, असे माझे म्हणणे नाही. 1952 साली केसकरांनी रेडिओवरून चित्रपटगीते हद्दपार केली आणि श्रोते उठून सिलोनकडे गेले. मात्र त्याच वर्षी सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने आमंत्रणाची अट मोडली, हेही त्यांच्याच कारकिर्दीतले. ग्वाल्हेरचा तानसेन समारोह मध्य प्रदेश सरकार भरवते. तेथे खासगी हक्कदाराशी भांडण नाही, की कोर्टकचेरी नाही. मग त्यातली प्रत्येक मैफल, तंबोरे जुळवण्यापासून भैरवीपर्यंत, आधी वेळ जाहीर करून, विनामूल्य छत्रीवर थेट दाखवण्याचा नियम करण्यास अडचण कसली? राष्ट्रीय महत्त्व काय ते चेंडूफळीलाच असते?

सामना आटोपून माणसे पांगू लागली, तेव्हा ते मिठी मारणारे गृहस्थ पायरीवर थांबले. ‘‘गुरुजी, तुमचं गाणं याच्यावर कवा लागते जी?’’

मला वेळ सांगता आली नाही.