डोकं दुखतंय? मग बोल ना!

दोन वीकेण्ड आणि मधली पाच दिवसांची रजा. झाले नऊ दिवस! नोकरी करणाऱ्या समस्त बायकर मंडळींचं मनाली-लेहचं स्वप्न याच गणितात कोंबलेलं असतं. पहिली रात्र मनाली, दुसरी सारचू, तिसरी लेह. एक्सेल शीटवर कसं झक्कास दिसतं! फक्त त्या शीटमध्ये एक कॉलम राहून जातो, उंचीचा.

म्हणजे बघा, मनाली साधारण दोन हजार मीटरवर आणि सारचू सुमारे ४,३०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. अडीच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी सारचू थोडं वरच उरतं. आणि तिथे तुम्ही नुसतं पोचत नाही, झोपता! तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर मंडळी सांगतात. इथे आपण एका दिवसात दोन हजारांची उडी मारून मोकळे.

पूर्वी रोहतांगचा चिखल आणि ट्रॅफिक आपल्याला आपसूक थांबवायचे. २०२० च्या ऑक्टोबरात नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून लाहौलमध्ये पोचणं सोपं झालं. वाचलेल्या चार-पाच तासांत 'चला, आजच सारचू गाठू' हा मोह होणारच. पण बोगद्याने रस्ता कमी केलाय, चढ नाही.

बाइकचं बरं असतं. फ्युएल इंजेक्शनवाली असेल तर हवा विरळ झाली की पेट्रोल आपोआप कमी करते. तांगलांग ला ५,३२८ मीटरवर. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन मुंबईच्या जेमतेम निम्मा, तरी गाडी कुरकुरत का होईना चढते. आपलं शरीरही अ‍ॅडजस्ट करतं, फक्त त्याला काही दिवस लागतात. आणि इथे जिम-बिम काही कामाला येत नाही. फिट माणसालाही उंची लागते.

आमच्या ग्रुपमधला सगळ्यात दणकट गडी सारचूला आजारी पडला. दुपारपासून डोकं ठणकत होतं, पण पठ्ठ्या बोलला नाही. जेवताना 'भूक नाही रे' म्हणाला. रात्री उलट्या सुरू झाल्या, तेव्हा खरं काय ते कळलं. 'तुमचा मूड घालवायचा नव्हता,' म्हणे!

आता सारचूची खरी गोम ऐका. उंचीचा त्रास वाढला तर त्यावरचा खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. पण सारचूहून सरळ खाली उतरताच येत नाही. मनालीकडे वळलात तर आधी बारालाचा ला चढायचा, तो सुमारे ४,८५० मीटर. लेहकडे निघालात तर गाटा लूप्सची एकवीस वळणं, मग नकी ला, लाचुंग ला आणि शेवटी तांगलांग ला. म्हणजे जीव वाचवायला उतरायचं, तर आधी आणखी वर जायचं! आम्ही त्याला पहाटे टॅक्सीत घालून बारालाचा ओलांडून केलाँगला आणलं. संध्याकाळी साहेब वरण-भात मागायला लागले. सगळ्यांचंच नशीब इतकं चांगलं नसतं.

मग करायचं काय? जमत असेल तर श्रीनगरकडून जा. सोनमर्ग, कारगिल आणि मग लेह, असा चढ त्यातल्या त्यात सावकाश येतो. लेहला दोन दिवस नुसतं लोळा आणि परतताना मनालीचा रस्ता धरा. तोवर शरीर सरावलेलं असतं. मनालीकडूनच जायचं असेल तर जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढा. गोळ्या घ्यायच्या तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून, मित्राच्या पाकिटातल्या नव्हे. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर मुक्काम आणखी वर हलवायचा नाही. चालताना झोक जातोय, बसल्याजागी धाप लागतेय, तर सकाळची वाट बघायची नाही. गाडी शोधा, ऑक्सिजन मिळाला तर लावा आणि खाली न्या. त्याला बाइक चालवू देऊ नका.

आणखी दोन गोष्टी. रस्त्यात आडवे येणारे नाले सकाळीच पार करा. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. हा नुसता मोठेपणा नाही, नियमच आहे.

तब्येत ठीक असेल तरच मोरे प्लेन्सचं ते मैलोन्‌मैल सपाट पठार डोळ्यांत मावतं. ठणकत्या डोक्याने ते बघण्यात काय मजा? तेव्हा निघायच्या आदल्या रात्री ग्रुपमध्ये एवढंच ठरवा: रोज संध्याकाळी प्रत्येकाने कसं वाटतंय ते खरं सांगायचं आणि त्यावर कुणी कुणाची खेचायची नाही. आणि हो, नवीन जॅकेटचा हट्ट सोडून बॉसकडे दोन दिवस जास्त रजा मागा. नाहीच मिळाली, तर यंदा स्पितीपर्यंतही न जाता लाहौलमध्येच फिरा. लेह काही पळून जात नाही!