'छावा'नंतर घरात काय बघायचं? चार ऐतिहासिक मालिका

१४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' चित्रपट आला. १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीविरोधात आंदोलन झालं, कुरआनच्या आयती असलेली चादर जाळल्याची चर्चा पसरली आणि दंगल उसळली. त्यात एकाचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितलं की, या चित्रपटानंतर औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा वर आला आहे.

यवतमाळला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्याहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. मोबाईलला तेवढंही अंतर लागत नाही. शिक्षक म्हणून आम्हाला रोज दिसतं की, पाठ्यपुस्तकाचा धडा यायच्या आधीच पडद्यावरचा इतिहास मुलांच्या डोक्यात बसलेला असतो. 'हे बघू नका' म्हटलं की पोरं हमखास तेच बघतात. त्यापेक्षा काय बघावं, ते सांगितलेलं बरं. म्हणून या चार मालिका.

पहिली 'तमस'. भीष्म साहनींच्या कादंबरीवर गोविंद निहलानींनी केलेली ही मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली. नथ्थू नावाच्या गरीब माणसाला पैसे देऊन एक डुक्कर मारायला सांगतात. सकाळी ते मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि शहर पेटतं. मुलांना एवढंच विचारा : पैसे कोणी दिले? फायदा कोणाचा झाला? मालिका बंद करावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आधी ती स्वतः पाहिली, मग परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. आधी बघणं, मग मत बनवणं, ही सवय आज फॉरवर्डच्या जमान्यात जास्तच हवी.

दुसरी श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज'. नेहरूंच्या पुस्तकावरचे ५३ भाग. त्यात शिवाजी महाराज झालेत नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेब झालेत ओम पुरी! आजच्या मुलांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. महाराजांचा मोठेपणा त्यात कुठेही कमी होत नाही आणि मुघल बादशहाही नुसता राक्षस म्हणून उभा राहत नाही. राज्यं, लढाया, करार यांचं राजकारण समजतं. प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिनीवर फुकट बघता येते.

तिसरी गुलजार यांची 'मिर्झा गालिब', तीही १९८८ ची. इथे तलवार नाही. कर्ज आहे, घरातलं दुःख आहे, दिल्लीच्या गल्ल्या आहेत आणि १८५७ नंतर उजाड झालेलं शहर आहे. ज्या घरांत उर्दू फक्त बोलण्यापुरती उरली आहे, त्यांनी ही मुलांसोबत बसून बघावी. जगजीत सिंग यांच्या आवाजामुळे अवघड शब्दही कानात राहतात.

इथे एक गोष्ट आपल्या समाजालाही सांगायला हवी. 'एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका आपल्याकडे आवडीने बघितली जाते. करमणूक म्हणून हरकत नाही. पण एर्तुग्रुलबद्दल खात्रीची ऐतिहासिक माहिती फार थोडी आहे, बाकी सगळी लेखकाची कल्पना. दुसऱ्यांच्या मालिकेत इतिहास वाकवला म्हणून आपण तक्रार करायची आणि आपल्या आवडीच्या मालिकेला सगळं माफ करायचं, हा न्याय नव्हे. तलवार तीच, फक्त हात बदलला.

म्हणून चौथी मालिका 'सावित्रीजोती'. सोनी मराठीवर २०२० मध्ये सुरू झाली आणि पुरेसे प्रेक्षक नाहीत म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात आवरली. फुले दांपत्याचा हा काळ आपलाही आहे. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. टीव्हीवर मुसलमान दिसतो तो दरबारात किंवा रणांगणावर. शाळेत शिकवणारी बाई म्हणून क्वचितच दिसतो. अशा मालिका प्रेक्षकांवाचून बंद पडल्या, तर वाहिन्या लढायाच दाखवणार. त्यांचं गणित टीआरपीचं असतं.

उर्दूत इतिहासाला 'तारीख' म्हणतात, मराठीत तारीख म्हणजे दिवस. मालिका बघताना दोन्ही तारखा विचारायची सवय लावा : ही घटना केव्हाची, आणि मालिका बनली केव्हा, कोणी बनवली? त्यातलं किती कादंबरीतून आलं, किती कागदपत्रांतून? आठवड्यातून एक भाग पुरे. पण मुलाच्या हातात मोबाईल देऊन उठून जाऊ नका. शेजारी बसा, आणि भाग संपल्यावर दहा मिनिटं त्याच्याशी बोला.