हेन्रिएटाच्या पोरांच्या हातात काय पडलं?

दोस्तहो, विसरल्या गेलेल्या माणसाचं नाव उजेडात आलं की आपल्यातले शिकलेले लोक लगेच पेढे वाटायला निघतात. फोटो लागला, हार पडला, झाला हिशेब चुकता! माझं म्हणणं एवढंच, की हार पडल्यावर त्या माणसाच्या घरात जाऊन बघा. चुलीवर काय शिजतंय, पोरं दवाखान्याची पायरी चढू शकतात का, आणि त्यांना कुणी काही विचारतं का.

मी बोलतोय हेन्रिएटा लॅक्सच्या घराबद्दल. अमेरिकेतल्या काळ्या बाईच्या घराशी आपलं काय, असं कुणी म्हणू नये. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं होतं. नाव घेतलं, आता हिशेबही घ्या.

हेन्रिएटा १९२० ची. व्हर्जिनियात तंबाखूच्या शेतात राबलेली, गुलामी भोगलेल्या पूर्वजांची नात, पाच लेकरांची आई. १९५१ साली पोटात गाठ लागते म्हणून ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स दवाखान्यात गेली. काळ्यांचा वॉर्ड वेगळा. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. इलाज करता करता डॉक्टरनं गाठीचा तुकडा काढला आणि प्रयोगशाळेत धाडला. तिला विचारलं नाही. तेव्हा विचारायचा कायदाच नव्हता, असं विद्वान सांगतात. नसेल. कायदा नेमका कुणाच्या वेळेला नसतो, हे आपल्याला शिकवायची गरज नाही. फुकट इलाज घेणाऱ्याच्या शरीरातून वसुली करायला हरकत नाही, असा तिथल्या बऱ्याच डॉक्टरांचा हिशेब होता.

४ ऑक्टोबर १९५१ ला ती मेली. वय ३१. पेशी मात्र मेल्या नाहीत. साधारण दिवसाला दुप्पट होत राहिल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर अशा कायम जगल्याचं जगानं तोवर पाहिलं नव्हतं. त्यांना ‘हेला’ म्हणू लागले आणि बाईचं नाव कुठं ‘हेलन लेन’ असं खोटंच छापलं. पोलिओची लस तपासायला हेला. अवकाशात पाठवायला हेला. कॅन्सरमागचा विषाणू ओळखायला हेला, आणि त्या शोधाला २००८ चं नोबेल. पहिल्या प्रयोगशाळेनं पेशी फुकट वाटल्या, हे खरं. पुढं कंपन्यांनी त्या बाटलीत भरून विकल्या, हेही खरं.

आणि घर? हेन्रिएटाच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो बसला २०१० साली.

घरच्यांना कळलं १९७३ च्या सुमारास. बावीस वर्षांनी. आता इथं नीट बघा. कळल्यावर पहिला ‘फायदा’ काय झाला? शास्त्रज्ञ त्यांचंच रक्त न्यायला आले! प्रयोगशाळांत हेलाची सरमिसळ झाली होती, ती निस्तरायला पोरांचं रक्त पाहिजे होतं. लेक डेबोरा हिला वाटलं, आईचा आजार आपल्याला आहे का ते तपासतायत. ती निकालाची वाट बघत बसली. तसा निकाल येणारच नव्हता. ज्या आईच्या पेशींवर जगभरची औषधं तपासली, तिच्या पोरांकडं दवाखान्याचा विमा धड नव्हता. डेबोरा २००९ ला गेली. आईवरचं गाजलेलं पुस्तक आलं २०१० ला.

पुस्तकानं काहीच दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. लिहिणाऱ्या बाईनं फाउंडेशन काढलं, त्यातून वारसांच्या शिक्षणाला, औषधपाण्याला पैसा गेला. चांगलं झालं. पण ती मदत. हक्क नव्हे.

हक्काची गोष्ट सुरू झाली ती भांडल्यावर. मार्च २०१३ मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांनी हेलाचा सगळा जनुकीय नकाशा जाहीर करून टाकला. म्हणजे हेन्रिएटाच्या नातवंडा-पतवंडांच्या शरीरातलं गुपित चव्हाट्यावर. घरचे खवळले. नकाशा मागं घ्यावा लागला, आणि त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेनं करार केला: हा नकाशा कुणी वापरायचा, ते ठरवणाऱ्या समितीत लॅक्स घराण्यातली दोन माणसं बसतील. पैसा एक छदाम नाही. तरी मला ही सगळ्यात मोठी कमाई वाटते. साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मग ४ ऑक्टोबर २०२१ ला, बरोबर मरणाच्या सत्तराव्या वर्षदिनी, वारसांनी थर्मो फिशर कंपनीवर खटला भरला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, हेन्रिएटाच्या वाढदिवशी, समझोता जाहीर झाला. आकडा गुप्त आहे. असू दे. कंपनी टेबलावर आली.

आता आपल्याकडं या. हेलातून जो विषाणू ओळखला, त्याच जातीच्या विषाणूंवरची लस २००९ साली खम्मम आणि वडोदऱ्याकडच्या हजारो पोरींना प्रकल्प म्हणून टोचली. त्यात आदिवासी पोरी मोठ्या संख्येनं. कितीतरी संमतीपत्रांवर सही आईबापाची नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनची! २०१३ ला संसदेच्या समितीनं यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट नाही, ती आपल्या पोरींना मिळालीच पाहिजे. पण ज्या काळ्या बाईच्या गाठीतून हे ज्ञान आलं तिला विचारलं नाही, आणि ज्यांच्या दंडात सुई गेली त्यांच्या आईबापांनाही नाही. दोन्ही टोकाला आपलेच.

माझा मामा एका सरकारी दवाखान्यात मढी चिरायच्या खोलीत होता. हुद्दा सफाई कामगार. कवटी तो उघडायचा, छाती तो उघडायचा, विष खाल्लेल्याच्या पोटातलं बरणीत तो भरायचा. हातमोजे असले तर असले. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दारातून विचारायचा, “काय दिसतंय रे?” मामा सांगायचा, डॉक्टर लिहायचा. कितीतरी खुनांचा उलगडा त्या बोटांनी केला. रिपोर्टवर नाव डॉक्टरचं. मामा मेल्यावर लाड-पागे समितीच्या शिफारशीनुसार वारसा हक्कानं त्याच्या पोराला नोकरी लागली. तीच खोली, तीच छन्नी. त्या नोकरीला नावं ठेवणारा मी कोण? त्यावर घर चालतं. पण बापानं तीस वर्षं जे शरीरशास्त्र हातानं शिकलं, त्याची किंमत म्हणून पोराला फक्त झाडू द्यायचा, हा कुठला न्याय?

आम्ही काहीजण पुढच्या महिन्यात त्या दवाखान्यात अर्ज घेऊन जातोय. शवविच्छेदनाच्या रिपोर्टवर प्रत्यक्ष काम करणाऱ्याचंही नाव लिहा, त्याला त्या कामाचा हुद्दा आणि पगार द्या, त्याच्या पोरांची शिकण्याची फी भरा. मामेभाऊ सहीला घाबरतोय, नोकरी जाईल म्हणतो. त्याच्या शेजारी उभं राहायला माणसं पाहिजेत.